झेंडावंदनानंतरचा तास मुलांच्या हातांना द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि दोन्ही महानगरपालिकांचे शिक्षण विभाग

सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे आपले तीन राष्ट्रीय सण शाळेत ठरलेल्या क्रमाने पार पडतात. सकाळी मैदानावर रांगा, झेंडावंदन, पाहुण्यांचे भाषण, चार विद्यार्थ्यांची पाठ केलेली भाषणे, कवायत, खाऊ, आणि नऊ-साडेनऊपर्यंत शाळा रिकामी. २ ऑक्टोबरला तर प्रतिमेला हार आणि आवाराची झाडलोट एवढ्यावरच भागते. या कार्यक्रमांना आमचा मुळीच विरोध नाही. मात्र सातवीतल्या मुलांना विचारून पाहा, प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का? ‘त्या दिवशी संविधान लागू झाले’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असते. मग २६ नोव्हेंबरला काय झाले आणि मधले दोन महिने कशासाठी थांबले, हे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांना तारीख ठाऊक असते, पण त्या तारखेला कोणी, काय आणि कशासाठी ठरवले हे त्यांच्यापर्यंत पोचलेले नसते.

ते पोचवायला भाषणापेक्षा कागद, दोरा, मीठ आणि मतपत्रिका जास्त उपयोगी पडतात. म्हणून आमची मागणी अशी: प्रत्येक राष्ट्रीय सणाआधीच्या आठवड्यात पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला सलग दोन तास द्यावेत, सणाच्या दिवशी झेंडावंदनानंतर विद्यार्थ्यांची भाषणे दोनच ठेवून उरलेल्या वेळात मुलांनी केलेले काम मांडू द्यावे, आणि साहित्याची एक पेटी शाळेने करून द्यावी. त्या तासांत काय करायचे, किती सामान लागते आणि कुठे बिघडते, ते पुढे लिहिले आहे.

सुरुवात झेंड्यापासून. कागदी झेंडा रंगवणे सगळ्याच शाळांत होते, पण बहुतेक ठिकाणी ते मापाशिवाय. छापील चौकटीत तीन रंग भरायचे, मधे एक गोल आणि गोलात जमतील तेवढ्या रेघा. मापाने काढला तर हाच झेंडा भूमिती, कायदा आणि इतिहास एकाच बैठकीत शिकवतो. ध्वजसंहितेत झेंड्याची नऊ मापे दिलेली आहेत आणि लांबी-उंचीचे प्रमाण सगळीकडे ३:२ आहे. वर्गात काम करायला त्यातले ४५० × ३०० मिमी हे माप सोयीचे. बाजारात मिळणाऱ्या २२ × २८ इंची कार्डशीटमधून असे दोन झेंडे निघतात. पन्नास मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचच्या दहा गटांना पाच कार्डशीट पुरतात. प्रत्येक पट्टा १०० मिमी, चक्राचा व्यास ९० मिमी. म्हणजे पांढऱ्या पट्ट्यात चक्राच्या वर आणि खाली पाच-पाच मिलिमीटर जागा उरली पाहिजे. ती दोन्हीकडे सारखी नसेल तर केंद्रबिंदू चुकला आहे, हे मुलांना पट्टी लावून स्वतःच पकडता येते.

खरी मजा चक्राच्या चोवीस आऱ्यांत आहे. मुले गोल कागदाची घडी सवयीने अर्धी घालतात, मग पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. त्यातून ८, १६, ३२ भाग पडतात. २४ येत नाहीत. हे त्यांना करू द्यावे आणि मोजू द्यावे. दुसरा कागद हाती दिल्यावर एखादा गट ‘मधे कुठेतरी तीन भाग करायला हवेत’ इथवर आपणच येतो. आधी अर्धी घडी, मग त्या अर्धगोलाचे तीन समान भाग, मग दोनदा अर्धी: २ × ३ × २ × २ = २४. तीन भागांची घडी हाच अवघड टप्पा. अर्धगोलाच्या केंद्राशी गुण्याचा ६० अंशांचा कोपरा ठेवून पहिली घडी पाडली की दुसरी बाजू तिच्यावर आपोआप बसते. शेवटी १५ अंशांची निमुळती पाचर हाती येते आणि उलगडल्यावर चोवीस घड्या स्पष्ट दिसतात. इथे पतंगी कागदच घ्यावा. शेवटच्या घडीला चोवीस थर होतात, त्यामुळे साधा चित्रकलेचा कागदही जाड पडतो, घडी सरकते आणि आरे कमीजास्त रुंदीचे येतात. मग हा कागद कार्डशीटवरच्या वर्तुळावर ठेवून, मधोमध टाचणी लावून, घड्यांची टोके पेन्सिलीने उतरवून घ्यायची.

घडीचे हे काम दहापैकी पाच गटांना द्यावे आणि उरलेल्या पाच गटांना हेच काम कंपासने द्यावे. कंपासमध्ये त्रिज्येएवढे म्हणजे ४५ मिमी अंतर घेऊन परिघावर खुणा करत गेले की बरोबर सहा खुणा होतात. त्या कंसांचे दोनदा दुभाजन केले की चोवीस. कंपासची पेन्सिल सैल असेल तर प्रत्येक खुणेला एक मिलिमीटर सरकतो आणि सहाव्या खुणेला सहा मिलिमीटरची फट राहते. मुलांना वाटते आपले गणित चुकले. आधी पेन्सिलीचा स्क्रू घट्ट करायला सांगावे. चक्र रंगवून झाल्यावरच वरखालचे पट्टे रंगवावेत, आणि रंगवताना पांढऱ्या पट्ट्यावर कागदाची पट्टी ठेवावी, नाहीतर तेलखडूचा केशरी रंग तळहाताला लागून पांढऱ्यावर उतरतो. चक्राचा रंग गडद निळा आहे. आकाशी स्केचपेन चालणार नाही, शिवाय स्केचपेनची शाई पसरून शेजारचे आरे एकमेकांना चिकटतात. साधे निळे बॉलपेन उत्तम.

चक्रच का, चरखा का नाही, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. १९३१ च्या काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा झेंडा स्वीकारला, त्या वेळी ठराव मांडताना पंडित नेहरूंनी एक अगदी व्यावहारिक अडचण सांगितली होती: झेंड्यावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखेच दिसले पाहिजे. हे तोंडी सांगू नये, करून दाखवावे. ट्रेसिंग पेपरवर चरखा काढायचा, एका बाजूला मोठे चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. कागद खिडकीच्या काचेवर धरायचा आणि उलटा करायचा. चाक डावीकडून उजवीकडे जाते. मग चक्र काढलेला कागद तसाच उलटा करायचा. काहीच बदलत नाही. वाऱ्यावर फडकणारी वस्तू माणसे दोन्हीकडून पाहतात, म्हणून चिन्ह निवडताना हाही विचार करावा लागतो. चरख्याचे चाक मात्र राहिले, सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राच्या रूपात. ही जोड मुले तिथल्या तिथे पकडतात.

तयार झेंड्यांचे पुढे काय करायचे ते आधीच ठरलेले हवे. ध्वजसंहितेनुसार झेंड्यावर कोणतीही अक्षरे लिहायची नाहीत. म्हणजे मुलांनी सवयीने कोपऱ्यात घातलेले नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांकही नको. नावे पाकिटावर लिहावीत आणि झेंडा पाकिटात ठेवावा. मोजून द्यावेत, मोजून परत घ्यावेत आणि आकडे फळ्यावर लिहावेत. कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नाहीत, खासगीत आणि सन्मानाने त्यांची विल्हेवाट लावायची, असे संहिता सांगते. ते काम शाळेने मोठ्यांच्या हातून करावे. १५ ऑगस्टच्या दुपारी स्टेशनबाहेर चिखलात पडलेले झेंडे आपण सगळेच पाहतो. ज्या मुलाने पतंगी कागदाच्या घड्या घालून चोवीस आरे काढले आहेत, त्याचा पाय त्यांच्यावर पडत नाही. तो वाकून झेंडा उचलतो. प्लास्टिकचे झेंडे शाळेच्या फाटकातून आतच येऊ नयेत, ही सूचना आदल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली की पुरे.

झेंडावंदनाची तयारीसुद्धा आठवीच्या मुलांच्या हाती द्यावी. शाळांसाठी ध्वजसंहितेत रचना दिली आहे: विद्यार्थी चौकोनाच्या तीन बाजूंना, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ, दहा-दहा जणांच्या तुकड्या, ओळींमध्ये किमान एक पाऊल म्हणजे ३० इंच अंतर. मुलांना मापनफीत आणि खडू देऊन आदल्या दिवशी ही आखणी करायला लावावी. आपल्याकडची मैदाने लहान; बऱ्याच शाळांत मैदान म्हणजे इमारतीखालची पार्किंगची जागा. चारशे मुले तीस इंचांनी बसतात का हे गणित त्यांनीच सोडवावे आणि बसत नसतील तर दोन ओळी कशा कराव्यात ते सुचवावे. कप्पी आणि दोरीचेही तसेच. रिकामे रीळ, सुतळी आणि एक फूटपट्टी यांचा छोटा ध्वजस्तंभ करून, ओढल्यावर सुटणारी गाठ मारायचा सराव रुमालावर करून घ्यावा. १५ ऑगस्टला हमखास पाऊस असतो. सुती दोरी भिजून फुगते, गाठ आवळते आणि ऐन वेळी झेंडा उलगडत नाही. फुलांच्या पाकळ्या भिजल्या तर त्याही घडीतच चिकटून बसतात. दोरी नायलॉनची घ्यावी, पाकळ्या मोजक्या आणि कोरड्या. केशरी बाजूच्या टोकाला लाल दोऱ्याची खूण बांधली तर झेंडा उलटा चढण्याचा धोका उरत नाही.

१५ ऑगस्टसाठी आणखी एक काम आम्ही आग्रहाने सुचवतो, कारण ते आपल्या शहरांसाठीच योग्य आहे. ठाणे आणि नवी मुंबईत गाव सोडून आलेली घरे फार. कोकणातली, मराठवाड्यातली, कोल्हापूर-साताऱ्याकडची. मुलांना विचारावे: १५ ऑगस्ट १९४७ ला तुमच्या गावी कोणाचे राज्य होते? घरून उत्तर आणायला दोन दिवस द्यावेत. मग ए-फोर आकाराचा महाराष्ट्र आणि गोव्याचा नकाशा तळाला ठेवून त्यावर पारदर्शक ओएचपी शीट चढवायच्या. पहिल्या शीटवर १५ ऑगस्ट १९४७: ठाणे, पुणे, नाशिक स्वतंत्र भारतात, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, कोल्हापूर, जंजिरा, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेले जव्हार ही संस्थाने, गोवा पोर्तुगिजांकडे. दुसऱ्या शीटवर १९४८: जंजिरा आणि जव्हार विलीन, १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त. तिसरीवर १ मार्च १९४९ चे कोल्हापूर. चौथीवर १ मे १९६० चा महाराष्ट्र. पाचवीवर १९ डिसेंबर १९६१ चा गोवा. एकेक शीट चढत जाते तसा नकाशा भरत जातो. ज्या मुलाचे आजोळ नांदेडला आहे त्याला कळते की आजोळच्या माणसांना स्वातंत्र्यासाठी आणखी तेरा महिने लढावे लागले, आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन त्याच्या घरचाही सण ठरतो.

या शीटवर व्हाइटबोर्डचे मार्कर चालत नाहीत, बोट लागले की पुसतात. पर्मनंट मार्कर घ्यावे. चारही कोपऱ्यांत फुलीच्या खुणा करून त्या एकमेकींवर जुळवाव्यात आणि डाव्या कडेला दोन भोके पाडून दोऱ्याने शीट बांधाव्यात. खुणा केल्या नाहीत तर प्रत्येक शीट थोडी सरकते आणि गोवा समुद्रात जातो. संस्थानांच्या सीमा वेड्यावाकड्या होत्या, तुकड्यातुकड्यांच्या होत्या. त्या हुबेहूब काढायच्या नादाला लागू नये. ठिपका आणि नाव पुरे.

याच नकाशावर आपल्या परिसरातल्या तीन जागा लाल टाचणीने दाखवाव्यात. ठाण्याचे कारागृह, जिथे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले. उरण तालुक्यातले चिरनेर, जिथे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली. आणि मुरबाडजवळचा सिद्धगड, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. कान्हेऱ्यांचे वय तेव्हा अठरा होते. ठाण्याची मुले त्या कारागृहाच्या भिंतीवरून रिक्षाने रोज जातात.

आता मीठ. २ ऑक्टोबरला याहून चांगला उपक्रम आम्हाला तरी ठाऊक नाही. आपण मिठाच्या प्रदेशात राहतो. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे महामार्गावरून दिसतात, आणि ठाणे-उरण पट्ट्यातल्या आगरी समाजाची ओळखच मुळी आगराशी, म्हणजे मीठ पिकवण्याच्या जागेशी जोडलेली आहे. वर्गात आगरी-कोळी घरांतली मुले असतील तर त्यांच्या आजी-आजोबांना बोलावून भरतीचे पाणी आगरात कसे घेत, बांध कसे घालत, मीठ कशाने ओढत, हे त्यांच्याच शब्दांत ऐकावे. हा अर्धा तास कोणत्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा मोलाचा असतो.

कृती सोपी आहे, पण वेळ सांभाळावी लागते. २ ऑक्टोबरला सुटी, म्हणून मांडणी २४-२५ सप्टेंबरला करावी. खाडीचे पाणी आणू नये. त्यात सांडपाणी मिसळलेले असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढेच खडेमीठ एक लिटर साध्या पाण्यात विरघळवून ते तलम फडक्यातून गाळून घ्यावे. दळलेल्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्याने पाणी गढूळ होते. ३० × २० सेंमीच्या पसरट ट्रेमध्ये यातले अर्धा लिटर ओतले की पाण्याची उंची सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास येते. ट्रे प्लास्टिकचा आणि शक्य तर काळा घ्यावा, काळा रंग ऊन जास्त धरतो. लोखंडी नको, गंजतो. वर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे आणि ट्रे गच्चीवर उन्हात ठेवावा.

सप्टेंबरअखेर हवेत दमटपणा असतो. पहिले दोन दिवस मुलांना वाटते काहीच होत नाही. रोज एकाच ठिकाणी पट्टी उभी धरून उंची नोंदवायला लावावी, मग बदल दिसतो. पाणी आटत जाते तसे ते जड होते आणि आटण्याचा वेग मंदावतो. शेवटचा थर वाळायलाच जास्त वेळ लागतो. संध्याकाळी ट्रे आत आणलाच पाहिजे, नाहीतर रात्रीच्या दमट हवेतले पाणी मीठ परत ओढून घेते आणि सकाळी ट्रे पुन्हा ओला. एका गटाने रोज ढवळावे, दुसऱ्याने हात लावू नये. ढवळलेल्या ट्रेमध्ये बारीक भुकटी मिळते आणि न ढवळलेल्यात चौकोनी स्फटिक, भिंगाखाली कडा दिसतील असे. चांगले ऊन असेल तर पाच-सहा दिवसांत मीठ हाती येते; पाऊस लांबला तर दहा दिवसही लागतात, म्हणून राखीव दिवस ठेवावेत. हे मीठ चाखायचे नाही, तोलायचे आहे. अर्ध्या लिटरमधून साडेसतरा ग्रॅम यायला हवे. कमी आले तर बाकीचे ट्रेच्या कडांना चढून बसलेले असते.

तोलून झाल्यावर शिक्षकाने एका रुमालावर ते मीठ ठेवून विचारावे: हे करायला तुम्हाला काय लागले? ऊन, पाणी, ट्रे. आणि हे केल्याबद्दल तुम्हाला तुरुंगात घातले तर? १८८२ च्या कायद्याने मीठ बनवण्या-विकण्यावर सरकारची पकड होती आणि करही होता. मीठ तर गरिबालाही लागते. गांधीजींनी नेमके मीठच का निवडले, हे त्या वेळी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच दिवशी दांडीयात्रेचा दोरा भिंतीवर लावावा. साबरमती ते दांडी साधारण ३८५ किलोमीटर, १२ मार्च ते ५ एप्रिल १९३० असा प्रवास, आणि ६ एप्रिलला मीठ उचलले. एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर धरले तर ७७ सेंटिमीटर दोरा. चोवीस दिवसांनी भागले की रोजचे सोळा किलोमीटर, म्हणजे साधारण दर ३.२ सेंटिमीटरवर एक मणी. सोळा किलोमीटर म्हणजे किती? ठाण्याहून वाशीला लोकलने जातो त्याहून थोडेसे कमी. रोज तेवढे चालायचे, सोबत ७८ जण, आणि गांधीजींचे वय साठ. दोऱ्यावर मणी ओवताना मुले हे आकडे आपोआप एकमेकांना सांगू लागतात.

२६ जानेवारीसाठी एका दिवसाचा उपक्रम पुरत नाही, आणि मुख्याध्यापकांच्या सहकार्याशिवाय तो होतही नाही. म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. वर्गाने आपले संविधान करायचे, आणि खऱ्या संविधानाच्या तारखांवरच करायचे. मसुदा सप्टेंबरमध्ये, दुरुस्त्या दिवाळीच्या सुटीच्या आधी आणि नंतर, २६ नोव्हेंबरला स्वीकार, २४ जानेवारीला सह्या, २६ जानेवारीला अंमल. यातल्या शेवटच्या तीन तारखा नेमक्या १९४९-५० च्याच आहेत. २६ जानेवारी ही तारीख १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण म्हणून निवडली गेली; मधल्या दोन महिन्यांत काय काय करावे लागते, हे वर्गाला तेव्हा कळते जेव्हा स्वीकारलेल्या नियमांच्या सुवाच्य प्रती करायच्या असतात, इतर विषयांच्या शिक्षकांना ते दाखवायचे असतात आणि वर्गप्रतिनिधी निवडायचे असतात. त्यातही एक गंमत आहे. मूळ संविधानातली नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे आणि निवडणूक आयोगाचे ३२४ वे कलम २६ नोव्हेंबरलाच लागू झाले, बाकीचे बरेचसे नंतर. वर्गातही प्रतिनिधी निवडण्याचा नियम लगेच लागू करावा लागतो, नाहीतर २६ जानेवारीला काम सुरू कोण करणार?

मसुदा समिती सात जणांची असावी, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालची समिती होती तशी. मात्र वर्गाच्या समितीत मुली किमान तीन हव्यात. संविधान सभेत पंधरा महिला होत्या, हे सांगून हंसाबेन मेहता, दाक्षायणी वेलायुधन ही नावे फळ्यावर लिहावीत. नियम दहा-बाराच ठेवावेत, प्रत्येक नियम एका वाक्याचा. दुरुस्ती तोंडी ऐकायची नाही, चिठ्ठीवरच घ्यायची. चिठ्ठीचा नमुना: ‘नियम क्रमांक अमुकमधील हे शब्द वगळून हे शब्द घालावेत, कारण…’ कारण रिकामे असेल तर चिठ्ठी परत. खऱ्या सभेपुढे ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वर्गात वीस-पंचवीस चिठ्ठ्या येतात आणि तेवढ्यांनीही दोन तास जातात. दोन वर्षे, अकरा महिने आणि अठरा दिवस का लागले, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला: मुलांचा पहिला मसुदा म्हणजे नुसत्या शिक्षा असतात. उशीर झाला तर दंड, बोलला तर उभे राहा. म्हणून क्रम बांधून द्यावा. आधी प्रत्येकाला काय मिळेल, मग प्रत्येकाने काय करायचे, आणि शेवटी वाद झाला तर कोणाकडे जायचे. दुसरा: बहुमत दांडगाई करते. तीस जण हात वर करून ठरवतात की खिडकीजवळचे बाक त्यांचेच. इथे शिक्षकाने चर्चा थांबवून विचारावे की असा एखादा नियम असावा का, जो बहुमतालाही मोडता येणार नाही. मूलभूत हक्क हा शब्द त्या क्षणी सांगावा, आधी नाही. मतदान गुप्त घ्यावे. हात वर करायला लावले तर मुले मित्राकडे पाहून मत देतात. गोळीच्या डब्याला फट पाडली की मतपेटी तयार, आणि मतपत्रिकेवर शिक्का मारायला बाटलीचे बूच.

तिसरा घोळ मोठ्यांकडून होतो. वर्गाने महिनाभर खपून नियम केला आणि दुसऱ्या दिवशी कोणी तरी तो फिरवला, तर मुले संविधानाबद्दल जे शिकतात ते आपल्याला नको असलेले असते. म्हणून सुरुवातीलाच मुख्याध्यापकांनी एक यादी सही करून द्यावी. शाळेची वेळ, परीक्षा, सुरक्षेचे नियम, गणवेश या गोष्टी वर्ग ठरवू शकत नाही. बाकीचे ठरवू शकतो आणि आम्ही ते पाळू. यादी जितकी छोटी, तितका उपक्रम जिवंत.

उद्देशिका परिपाठात वाचली जाते, ती या कामात उघडून दाखवावी. मराठीच्या शिक्षकांनी ती मोठ्या अक्षरांत छापून बारा पट्ट्या कापाव्यात आणि गटांना जुळवायला द्याव्यात. ती सगळी एकच वाक्य आहे. कर्ता सुरुवातीला, ‘आम्ही, भारताचे लोक’, आणि क्रियापद अगदी शेवटी, ‘अर्पण करीत आहोत’. कोणाला अर्पण? ‘स्वतःप्रत’. हे तीन शब्द सापडले की बाकीचे जागच्या जागी बसते. ‘अंगीकृत’, ‘अधिनियमित’ आणि ‘प्रवर्धित’ या तीन शब्दांवर वर्ग अडतो. अर्थ आधीच पट्टीच्या मागे लिहून ठेवावा. सुरुवात ‘लोक’ या शब्दाने व्हावी की देवाच्या नावाने, यावर १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मतदान झाले. ह. वि. कामत यांची देवाच्या नावाने सुरुवात करण्याची दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. ज्यांचे म्हणणे हरले त्यांच्यापैकीही अनेकांनी पुढे त्याच संविधानावर सह्या केल्या, हे आठवीच्या वर्गात जरूर सांगावे. उर्दू, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांना आपापल्या भाषेतली उद्देशिका मिळते. कर्ता आणि क्रियापद शोधण्याचा खेळ तिथेही तसाच चालतो, फक्त इंग्रजीत क्रियापद अगदी शेवटी येत नाही.

शेवटी प्रत हाताने लिहावी. मूळ इंग्रजी संविधान प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिले आणि पानांची सजावट नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या कलाकारांनी केली. वर्गात अक्षर चांगले असणाऱ्यांनी लिहावे, चित्र काढणाऱ्यांनी कडा सजवाव्यात, आणि सह्या सगळ्यांनी कराव्यात, विरोधात मत दिलेल्यांनीही.

एक गोष्ट मात्र करू नये. अस्पृश्यतेचे किंवा फाळणीच्या दंगलींचे प्रसंग मुलांना भूमिका देऊन वर्गात उभे करू नयेत. कोणाच्या तरी वाट्याला तीच भूमिका येते जी त्याच्या घराने खरोखर भोगली आहे, आणि मधल्या सुटीत तेच नाव त्याला चिकटते. १७ वे कलम शिकवायचे तर १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याचा नकाशा, तारखा आणि कलमाचा मजकूर समोर ठेवून शिकवावे. यातल्या कोणत्याही उपक्रमाला क्रमांक आणि बक्षिसेही नकोत. बक्षीस लावले की मापे पालकांच्या हातची येतात.

एका वर्गाच्या वर्षभराच्या पेटीत लागते ते एवढे: कार्डशीट १०, पतंगी कागद २०, ट्रेसिंग पेपर १०, ओएचपी शीट ५०, पर्मनंट मार्कर ६, तेलखडूंच्या पेट्या १०, खडेमीठ १ किलो, प्लास्टिकचे ट्रे ४, मच्छरदाणीचे कापड २ मीटर, मापनफीत १, नायलॉन दोरी, सुतळी, टाचण्या आणि पाकिटे ५०. कंपासपेट्या मुलांकडे असतातच. ग्रॅम मोजणारा तराजू प्रयोगशाळेतला चालतो, ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही तिथे शिक्षण विभागाने केंद्रामार्फत एक फिरता ठेवावा.

तासिकांचे वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा लागले की वर्षभर हलत नाही. वरचे सलग दोन तास त्यात आत्ताच बसवावे लागतील, कार्यानुभव आणि इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासिका त्या तीन आठवड्यांपुरत्या शेजारी आणून. कोणत्या शाळेत ते जमेल आणि कुठे अडचण आहे, हे केंद्रप्रमुखांनी शाळानिहाय कळवावे. अडचण जागेची, साहित्याची किंवा शिक्षकांच्या सरावाची असेल, तर शनिवारी दुपारी शाळेत येऊन सगळे उपक्रम शिक्षकांकडून एकदा करून घ्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत पाचवी ते आठवीला शिकवणारे काही शिक्षक